गुढी उतरवायच्या आत

गुढीपाडव्याच्या जेवणाला मुलाच्या घरी जाणे हा विठ्ठलवाडीतल्या आजी-आजोबांचा वर्षातला सर्वांत अवघड प्रवास. अंतर फार नाही. विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. लोकलच्या वेळापत्रकात सारी पंधरा-वीस मिनिटे. याच आजी-आजोबांनी एसटीने पंढरपूर, अष्टविनायक आणि एकदा मंडळाबरोबर काशीसुद्धा केलेली असते. पण काशीला निघताना घरात नव्हती एवढी धांदल बदलापूरला निघताना होते. काशीला ते यात्रेकरू म्हणून गेले होते. बदलापूरला काय म्हणून जायचे, हे अजून ठरलेले नाही. मुलाचे घर म्हणजे आपलेच घर, तेव्हा पाहुणे म्हणून जाता येत नाही. आणि ते आपले घर नव्हे हे कुलूप कुठल्या बाजूला फिरते ते माहीत नसल्यावरून कळते.

या प्रवासाचे मूळ रेल्वेत आहे. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला आला आणि १८५६ मध्ये कल्याणहून पुढे खोपोलीपर्यंत गेला. मराठी कुटुंबांना तेच अंतर कापायला तीन-चार पिढ्या लागल्या, आणि ती अजून खोपोलीला पोहोचलेली नाहीत. पणजोबा परळला गिरणीत, आजोबा विठ्ठलवाडीला, मुलगा बदलापूरला. जागेचा भाव दर पिढीला दोन-चार स्टेशने पुढे ढकलतो. या हिशेबाने नातवाच्या वाट्याला कर्जत येईल. आजोबांनी विठ्ठलवाडीला वन रूम किचन घेतली तेव्हा त्यांचे वडील म्हणाले होते, ‘एवढ्या लांब कोण येणार?’ मुलाने बदलापूरला टू बीएचके बुक केला तेव्हा आजोबाही हेच म्हणाले, आणि हे वाक्य आपण पूर्वी कुठे ऐकले होते ते त्यांना आठवले नाही.

विठ्ठलवाडी सांगायलाही जरा अडचणीची आहे. स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. नुसते ‘विठ्ठलवाडी’ म्हटले की लांबचे नातेवाईक पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीला पोहोचतात, म्हणून आजोबा पत्ता लिहिताना ‘कल्याण पूर्व’ लिहितात आणि तोंडाने ‘एसटी डेपोजवळ’ सांगतात. डेपोशी त्यांचे सूत चांगले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. लोकलच्या तिकिटाला मात्र वयाची सवलत नाही, आणि मेल-एक्स्प्रेसमध्ये ज्येष्ठांना होती तीही मार्च २०२० मध्ये बंद झाली. पंढरपूर फुकट आणि बदलापूर विकत, असा हा उलटा हिशेब आजोबा तिकिटाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला सांगतात. तो माणूस बहुधा कानात काहीतरी घालून उभा असतो.

जेवायला काय, हे तारीख ठरवते. पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला पक्का, पण इंग्रजी महिन्यात तो हिंडत असतो. २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारतो. स्वयंपाकघरात या गणिताचा अर्थ असा, की एप्रिलच्या पाडव्याला आमरसाची आशा धरता येते. मार्चच्या पाडव्याला हापूसचा भाव ऐकूनच पोट भरते आणि श्रीखंडावर एकमत होते. मार्चचा पाडवा नातवंडांच्या परीक्षेतही सापडतो. रविवारी आला तर मुलगा ‘एक सुट्टी बुडाली’ म्हणून हळहळतो आणि आजोबा मेगाब्लॉकची काळजी करू लागतात. ब्लॉक तिकडे माटुंगा-मुलुंडच्या बाजूला असतो, सणासाठी कधी रद्दही होतो. पण ब्लॉक रद्द झाल्याच्या बातमीवर आजोबांचा ब्लॉकच्या बातमीइतका विश्वास नसतो.

बोलावणे आठ दिवस आधी फोनवर येते. ‘आई, पाडव्याला इकडेच या.’ उत्तर येते, ‘बघू.’ ‘बघू’ म्हणजे हो. नाही म्हणायचे असते तेव्हा ‘येऊ की, न यायला काय झालं’ असे म्हणतात. मुलगा पुढे म्हणतो, ‘राहायलाच या दोन दिवस.’ इथे आजी फोन आजोबांकडे देतात आणि आजोबा ठेवणीतला प्रश्न काढतात: ‘आणि गुढीचं काय?’

या प्रश्नाला बदलापूरकडे उत्तर नसते. आपली गुढी आपल्या दारात उभारायची, सूर्योदयाला उभारायची आणि सूर्य मावळायच्या आत उतरवायची, हा रिवाज. पाडव्याच्या सुमारास इकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि पावणेसातच्या आसपास मावळतो. या बारा तासांत जाणे, जेवणे, वामकुक्षी, चहा आणि येणे बसवायचे असते. गुढी हा विजयाचा ध्वज, असे शाळेच्या निबंधात लिहितात. विठ्ठलवाडीच्या आजी-आजोबांच्या दृष्टीने ती संध्याकाळी घरी परतण्याची सबब आहे, आणि इतकी पवित्र सबब वर्षात दुसऱ्या कुठल्या सणाला मिळत नाही. दिवाळीत मुलाकडून निघायला आजींना गुडघेदुखी काढावी लागते.

तयारी दोन दिवस आधी दह्यापासून सुरू होते. दही स्वच्छ पंचात बांधून खुंटीला टांगतात, खाली पातेले ठेवतात आणि रात्रभर त्या वन रूम किचनमध्ये थेंबाचा आवाज ऐकत दोघे जागतात. सकाळी चक्का तयार. त्यात साखर, मग पुरणयंत्र, मग वेलची-जायफळ. मुलाने सांगितलेले असते, ‘आई, तयार मिळतं, कशाला त्रास?’ आजींचे म्हणणे, तयार तर जेवणही मिळते, मग बोलावता कशाला? या वादात बाजू घेणे शहाणपणाचे नाही. एवढेच नोंदवता येते की जेवणाच्या दिवशी बदलापूरच्या टेबलावर श्रीखंड दोन्ही प्रकारचे असते.

घरचे श्रीखंड कडीच्या डब्यात जाते. हा डबा आजींच्या लग्नातला. अंगावर त्यांचे माहेरचे नाव आणि १९७४ ही तारीख टिंब-टिंब पद्धतीने कोरलेली, शेवटच्या चाराची शेपटी घासून घासून गेल्यामुळे तो आता १९७१ वाचला जातो. झाकण इतके घट्ट की ते आजोबांनी लावावे आणि आजोबांनीच उघडावे. त्यावर खबरदारीचा रबरबँड, त्यावर गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि हे सारे साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत उभे. ‘आडवा करू नका’ ही सूचना आजी घरात दोनदा, जिन्यात एकदा आणि रिक्षात एकदा देतात. उरलेल्या जागेत कैऱ्या, लिंबे, एक सोललेला नारळ आणि कडीपत्त्याची जुडी बसते. बदलापूरला कडीपत्ता मिळतो. तिथल्या बाजारात आसपासच्या गावांतून येणारी भाजी विठ्ठलवाडीपेक्षा ताजी असते, हे आजींनाही ठाऊक आहे. पण कडीपत्ता घेऊन जाणाऱ्या बाईला कोणी पाहुणी म्हणत नाही.

पाडव्याच्या पहाटे आजोबा गुढीला लागतात. काठी गॅलरीतल्या माळ्यावरची, वर्षभर जाळी काढायला वापरलेली. ती धुऊन, तेलाचा हात फिरवून सोवळी करतात. टोकाला आजींची हिरवी खणाची साडी निऱ्या घालून, तिच्यावर कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पाने, झेंडूचा हार, साखरेची गाठी आणि या सगळ्यावर उपडा तांब्या. काठीचे टोक बारीक आणि तांब्याचे तोंड मोठे, म्हणून तांब्या दरवर्षी डुगडुगतो. आजोबा त्यात घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद कोंबतात. मग काठी खिडकीच्या लोखंडी जाळीला सुतळीने तीन ठिकाणी बांधतात. तिसरी गाठ चालू असताना आजी आतून विचारतात, ‘अहो, सरळ आहे ना?’ आजोबा समोरच्या इमारतीच्या गुढीकडे बघून ‘हो’ म्हणतात. समोरचे गृहस्थ त्याच वेळी यांच्या गुढीकडे बघून ‘हो’ म्हणत असतात. दोन्ही गुढ्या सारख्याच कलत्या, म्हणजे सरळ.

नैवेद्य दाखवून, कडुनिंबाची पाने, गूळ, जिरे आणि हिंगाची चटणी जिभेवर ठेवून निघायचे, तर घर सोडायची एक क्रिया असते. गॅस बंद, तो बंद असल्याची खात्री, त्या खात्रीची खात्री. किल्ली शेजारच्या सिंधी कुटुंबाकडे. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले, तरी तिचे भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच मोजतात. सिंध्यांचे नवे वर्ष, चेटीचंड, पाडव्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येते. त्यामुळे शेजारच्या घरातही गडबडच असते, गोड भाताचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो. तरी आजी सांगतात, ‘भाभी, जरा गुढीवर लक्ष ठेवा, वारा आहे.’ भाभी मान डोलावतात. पाऊणशे वर्षे शेजारी राहून दोन्ही समाजांनी एकमेकांच्या सणाचे इतके शास्त्र शिकून घेतले आहे: मराठी लोक काठी उभारतात, ती पडू द्यायची नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनात आजोबा खिडकीवर जाऊन दोन रिटर्न तिकिटे काढतात. मुलाने मोबाइलमध्ये तिकिटाचे अॅप घालून दिले आहे. आजोबा ते उघडतात, बघतात आणि रांगेत उभे राहतात. रिटर्न मागताना त्यांच्या आवाजात जरा जोर येतो. ते तिकीट पैसे वाचवायला काढलेले नसते, संध्याकाळी दाखवायला काढलेले असते.

गाडीच्या बाबतीत कल्याणच्या पुढच्या माणसांनी बारकावे सांभाळावे लागतात. कल्याणला मार्ग फुटतो, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. कसारा लोकलच्या कपाळावर इंग्रजी ‘एन’ आणि कर्जत लोकलच्या कपाळावर ‘एस’ असते. हे उत्तर आणि दक्षिणेवरून आले, कर्जत-कसाऱ्याच्या आद्याक्षराशी त्याचा संबंध नाही, आणि त्यामुळे मुंबईत नव्याने आलेला पाहुणा हमखास फसतो. विठ्ठलवाडीला हा धोका नाही. इथे आलेली डाउन गाडी कसाऱ्याला जाऊच शकत नाही. तरीही आजोबा दारातल्या मुलाला विचारतात, ‘बदलापूर ना?’ आणि हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, कारण काही गाड्या अंबरनाथलाच संपतात. एका पाडव्याला दोघे अशाच गाडीत बसले आणि अंबरनाथच्या फलाटावर श्रीखंडासह पंचवीस मिनिटे उभे राहिले. त्या दिवसापासून आजींना इंडिकेटर वाचता येतो.

आजी लेडीजमध्ये चढतात, आजोबा जनरलमध्ये. सणाच्या सकाळी डाउन गाडीला गर्दी बेताची असते, एकत्र बसायला हरकत नसते. पण आजी पंचेचाळीस वर्षे लेडीजमधूनच गेल्या, आणि लेडीजमध्ये निदान डब्याकडे कोणी पाय करून बसत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. पिशवी त्यांच्या मांडीवर. आजोबा ज्येष्ठ नागरिकांसाठी राखलेल्या जागेसमोर उभे राहतात. तिथे तरुण बसलेला असतो. तो उठला तर आजोबा ‘बसा, बसा, पुढेच उतरायचंय’ म्हणतात. न उठला तर त्याच्याकडे अंबरनाथपर्यंत बघत राहतात.

या पंधरा-वीस मिनिटांत आजोबा शेजाऱ्याला सबंध पट्ट्याचा इतिहास सांगून टाकतात. उल्हासनगर आले की कॅम्पातून शिवून घेतलेली पहिली टेरिकॉटची पँट. अंबरनाथ आले की ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोच्या काड्यापेट्या आणि शिवमंदिर. मंदिर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखाप्रमाणे इ.स. १०६० चे. त्याच्या भिंतीवरचे कोरीवकाम बघायला लोक कुठून कुठून येतात. आजोबा गेली चाळीस वर्षे ‘एकदा निवांत जाऊन बघायचंय’ असे म्हणत या स्टेशनावरून गेले आहेत. मुलाला शाळेत असताना महाशिवरात्रीच्या जत्रेला नेले होते, पण तेव्हा पाळण्याच्या रांगेतच दिवस गेला.

बदलापूरला दोघे उतरतात आणि या दिवसातली सर्वांत लांब पायपीट सुरू होते. बारा डब्यांच्या गाडीत आजी एका टोकाला, आजोबा दुसऱ्या. ठरलेले असते की आजींनी जागेवरून हलायचे नाही आणि आजोबांनी यायचे. आजींना वाटते, ते चुकतील, म्हणून त्या निघतात. आजोबांना वाटते, ती निघालीच असेल, म्हणून ते थांबतात, मग न राहवून निघतात. जिन्याजवळच्या गर्दीत दोघे एकमेकांना ओलांडून जातात. मग आजोबा फोन लावतात. आजींचा फोन पिशवीत, नारळाखाली. पिशवी तिरकी केली तर डबा आडवा होतो. तेव्हा त्या फोन वाजू देतात आणि त्या आवाजाच्या दिशेने आजोबांनी यावे अशी अपेक्षा करतात. ही पद्धत आजवर अयशस्वी झालेली नाही. गाठ पडल्यावर दोघेही एकच वाक्य एकदम म्हणतात: ‘तुला/तुम्हाला तिथेच थांब/थांबा म्हटलं होतं ना!’

मुलगा स्टेशनवर घ्यायला येणार म्हणालेला असतो. त्याला मुद्दाम अर्ध्या तासानंतरची वेळ सांगितलेली असते. शेअर रिक्षातून तिघांच्या जागेवर चौघे बसून आजी-आजोबा गृहसंकुलाच्या फाटकाशी पोहोचतात आणि इथे दिवसातला सर्वांत नाजूक प्रसंग घडतो. वॉचमन दर पाडव्याला नवा असतो. ‘किसके यहाँ जाना है?’ आजोबा मुलाचे नाव सांगतात. वॉचमनला नाव नको, फ्लॅट नंबर हवा. आजोबांना विंग आठवते, मजला आठवतो, नंबर आठवत नाही, आजी सांगतात. मग रजिस्टर पुढे येते. व्हिजिटरचे नाव, कोणाकडे, कामाचे स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. वरच्या ओळीत कुरिअरवाला, त्याच्यावर गॅस शेगडी दुरुस्तीवाला. आजोबा चष्मा पुसतात, खिशातले स्वतःचे पेन काढतात आणि कामाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहितात: ‘स्वगृही.’ वॉचमनला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे प्रवेश मिळतो.

बदलापूरची गुढी अकराव्या मजल्यावर, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी असते. गॅलरीतून बाहेर काही लटकवायचे नाही असा सोसायटीचा नियम आहे. म्हणून बाजारात मिळणारी हातभर उंचीची तयार गुढी, पाटावर उभी, जरीचे कापड डिंकाने चिकटवलेले, तांब्या पितळेच्या रंगाचा प्लॅस्टिकचा. आजोबा तिच्याभोवती एक फेरी घालतात. काही बोलत नाहीत. मग खिशातून टेस्टर काढून, त्याच्या टोकाने, कललेला तांब्या सरळ करतात. आपल्या गुढीला न जमलेली गोष्ट इथे अशी जमून जाते. नात म्हणते, ‘आजोबा, ती फोल्ड होते, पुढच्या वर्षी पण चालते.’ आजोबांना हे आवडत नाही, पण माळ्यावरची काठी आठवून ते गप्प बसतात.

टेस्टरबद्दल थोडे सांगायला हवे. आजोबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, आणि बदलापूरला येताना सदऱ्याच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात इन्सुलेशन टेप ठेवतात. जेवण तयार होईपर्यंत घरात शांत बसणे म्हणजे पाहुणा होणे. ते कुकरचा ढिला दांडा आवळतात, बेसिनच्या नळाचा वॉशर बघतात, बेडरूमच्या दाराची कुरकुर तेलाने घालवतात. गेल्या पाडव्याला कुरकुरीसाठी दार सापडले नाही तेव्हा सगळ्या घड्याळांची वेळ रेडिओच्या वेळेशी जुळवली. स्वयंपाकघरात आजी तेच राजकारण वेगळ्या हत्यारांनी करीत असतात. ‘आई, तुम्ही बसा ना,’ असे सून म्हणते. आजी बसतात, आणि बसल्या बसल्या लसूण मागून घेतात. ‘राहू द्या आई’ आणि ‘असू दे गं’ ही दोन वाक्ये दिवसभरात इतक्या वेळा अदलाबदल होतात की शेवटी कोणी कुठले म्हणायचे याचा क्रम चुकतो. सून कणीक मळते, आजी पुऱ्या लाटतात, सून तळते, आजी ‘आणखी थोडी फुगू दे’ म्हणतात. पुरी फुगते. ती कोणामुळे फुगली यावर चर्चा होत नाही. दोघींच्याही स्वभावातला हा मोठेपणा.

पानात पुरी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, आंबेडाळ, मसालेभात, कुरडई आणि डाव्या बाजूला कडुनिंबाची चटणी, जी नातू नॅपकिनखाली सरकवतो. श्रीखंडाच्या दोन वाट्या. घरचे पांढरट, किंचित आंबट, वेलची दाताखाली येणारे. तयार मिळणारे पिवळेधमक आणि गुळगुळीत. नातवंडे पिवळे घेतात. मुलगा आईकडे बघून पांढरे घेतो, बायकोकडे बघून पिवळे घेतो आणि दुपारी त्याला दोन्हीमुळे झोप येते. सून मात्र पांढरेच वाढून घेते, दोनदा. आजी हे बघतात, बोलत नाहीत, आणि डब्यात उरलेले श्रीखंड परत न नेता फ्रिजमध्ये, मागच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीआड ठेवतात. पिवळ्यावाल्यांना ते सापडू नये इतपत आत.

जेवणानंतर एसीच्या खोलीत झोपायचा आग्रह होतो. आजोबा ‘एसीने सांधे धरतात’ म्हणून हॉलमध्ये चटई मागतात. चटई घरात नसते. योगासनांची जांभळी मॅट मिळते. तिच्यावर ते टेस्टरसह आडवे होतात आणि पाच मिनिटांत घोरतात. आजी नातीचे केस विंचरायला घेतात. नातीचे केस खांद्यापर्यंतच आहेत, त्यांना वेणी येत नाही, तरी आजी तेल लावतात. नात त्या वेळात आजींच्या फोनमधली पाडव्याच्या शुभेच्छांची दोनशे-अडीचशे चित्रे पुसून टाकते. सगळ्या चित्रांत गुढी सरळ असते.

साडेतीनला आजोबा जागे होतात आणि घड्याळ बघतात. त्यांनीच ते लावलेले असल्याने त्याच्याशी वाद घालता येत नाही. चार वाजता चहा. सव्वाचारला ‘निघतो आम्ही.’ मुलगा म्हणतो, आत्ता कुठे आलात. सून म्हणते, रात्रीचं जेवून जा, हे गाडीने सोडतील. नातू म्हणतो, सोसायटीत संध्याकाळी कार्यक्रम आहे. आजोबा खिशातून रिटर्न तिकिटे काढून टेबलावर ठेवतात. दोन रिटर्न तिकिटांची किंमत मुलाला ठाऊक आहे. त्या पैशांत त्याच्या ऑफिसाखाली एक कॉफीही येत नाही. पण तिकीट तिकीट आहे. शिवाय गुढी. ‘भाभींना सांगितलंय, पण त्या काय उतरवणार?’ यावर मुलगा एकदा म्हणाला होता, ‘मग पुढच्या वर्षी गुढी इथेच मोठी उभारू, तिकडची नकोच.’ त्यावर हॉलमध्ये बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता, आणि मग आजी म्हणाल्या, ‘चहा जरा गोड झाला हं.’ हा प्रस्ताव पुन्हा मांडला गेलेला नाही.

पिशवी रिकामी जाऊ द्यायची नाही हा सुनेकडचा कायदा, आणि तो आजींच्या कडीपत्त्याइतकाच कडक. कापडी पिशवीत आता मसालेभात, पुऱ्या, नातीने रंगवलेली शुभेच्छापत्रिका, एक न उघडलेला पिवळ्या श्रीखंडाचा डबा आणि आजींना नको असलेली, पण ‘सेलमध्ये दोन आल्या’ म्हणून दिलेली पाण्याची बाटली. पिशवी सकाळपेक्षा जड. आजोबा फाटकावर रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ लिहितात. सकाळचा वॉचमन बदललेला असतो. नव्याला मराठी येते. तो ‘स्वगृही’ वाचतो, मान वर करून आजोबांकडे बघतो आणि फाटक जरा जास्तच उघडतो.

संध्याकाळच्या अप गाडीला गर्दी असते. सण साजरे करून परतणारे सगळेच पिशवीवाले. डोंबिवलीत १९९९ पासून निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचे लोण आता सगळीकडे पसरले आहे, त्यामुळे डब्यात फेटेवाली मुले आणि नऊवारीतल्या, पायांत स्पोर्ट्स शूज घातलेल्या मुली. या वेळी आजी-आजोबा एकाच डब्यात चढतात, कारण पिशवीचा एक कान आजोबांच्या हातात आणि दुसरा आजींच्या. फेटेवाला मुलगा जागा देतो. आजोबा ‘बसा, बसा’ म्हणत नाहीत. बसतात. अंबरनाथ जाते, उल्हासनगर जाते, इतिहास कोणी सांगत नाही.

विठ्ठलवाडीला उतरून, रिक्षा करून घरी पोहोचायला साडेसहा होतात. गुढी जागेवर असते, सकाळपेक्षा आणखी थोडी कललेली. भाभींनी दुपारच्या वाऱ्यात आपल्या ओढणीने तिला चौथी गाठ मारून ठेवलेली असते. आजोबा आधी ती ओढणी सोडवतात. आजी हळद-कुंकू वाहून, साखर ठेवून गुढी उतरवून घेतात. तांब्यातला वर्तमानपत्राचा बोळा बाहेर काढतात, साडीच्या निऱ्या मोडतात, गाठी काढून भाभींच्या नातवाला देतात. काठी माळ्यावर जाते. बाहेर अजून उजेड असतो, दहा-एक मिनिटांचा.

मग पिशवी उपसली जाते. सर्वांत खाली १९७४ चा डबा. घासून पुसून लख्ख दिलेला, आत सणाचे म्हणून चमचाभर साखर. झाकण मात्र बसत नाही. आजोबा दाबून बघतात, फिरवून बघतात, टेस्टर काढतात. आजी दिव्याखाली धरून बघतात. झाकण सुनेच्या डब्याचे आहे. तिच्या माहेरचे नाव आणि २००९ ही तारीख, टिंबांची नव्हे, मशीनने कोरलेली. फोन लागतो. बदलापूरला आजींचे झाकण सुनेच्या डब्यावर घट्ट बसलेले असते, इतके, की आता ते कोणाला उघडत नाही.

अक्षय्य तृतीया साधारण महिन्याने येते. आजी कालनिर्णयवर त्या चौकोनात पेन्सिलीने ‘झाकण’ असे लिहून ठेवतात.